पट्टीशेजारचे हात

माझ्यावर आजवर दोनदा भाषणं झाली आणि दोन्ही वेळा बोलणाऱ्यांनी एकच गोष्ट सांगितली. बाईंनी परदेशी शिष्यवृत्तीवर पाणी सोडलं आणि भिलाईतल्या सुपेल्याच्या धुळीत गोरगरिबांसाठी दवाखाना काढला. मी समोर शाल मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही वेळा मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मी कशावरही पाणी सोडलं नव्हतं. काय झालं ते आता लिहिते.

आम्ही भंडाऱ्याकडचे, धान पिकवणारे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई दहाची. चुलीपुढे कोणीतरी बसायला हवं होतं, म्हणून ताईची शाळा चौथीत सुटली. मला मामांनी नागपूरला नेलं. मी मॅट्रिक झाले, मेडिकलला गेले, डॉक्टर झाले. तोवर ताईचं लग्न होऊन किती वर्षं झाली होती. माझ्यामुळे तिची शाळा गेली असं ती कधी म्हणाली नाही, आणि तसं सरळसरळ खरंही नव्हतं. सुट्टीत मी गेले की ती माझी पुस्तकं उघडायची, हाडांच्या चित्रांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "हे समदं तुह्या डोक्यात मावते कसं वं?"

डॉक्टर झाल्यावर मी रोगी तपासायला बसले नाही. मला दवाखाना नको होता. कण्हणारी माणसं, भोवती उभे राहून एकच प्रश्न चार वेळा विचारणारे नातेवाईक, हे मला सोसत नसे. सूक्ष्मदर्शकाखालची काच गप्प असते, ती मला आवडायची. म्हणून मी आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत शिरले.

सरांचा विषय रक्ताचा होता. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. काही लोकांच्या पेशी मात्र प्राणवायू कमी पडला की वाकतात, विळ्यासारख्या होतात, आणि बारीक नळ्यांत अडकून बसतात. मग हाडं दुखतात, मूल किंचाळतं, अंगात रक्त उरत नाही. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून हा दोष आला तरच मूल आजारी पडतं. एकाच बाजूने आला तर माणूस धडधाकट असतो, त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. आणि गंमत अशी, की अशा अर्ध्या दोषाच्या माणसाला हिवताप सहजी मारत नाही, असं तेव्हा जगभर बोललं जाऊ लागलं होतं. आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठाला, आपल्या जंगलपट्टीत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप तिथे विळा. सरांचे एक परदेशी स्नेही या विळ्याचा जगाचा नकाशा करत होते. आमच्या भागाचा कोपरा कोरा होता. तो आम्ही भरायचा होता.

मला त्या कामाचं वेड लागलं होतं, हे मी नाकारणार नाही. जे मारतं तेच वाचवतंही, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. आजही ती गोष्ट आठवली की क्षणभर बरं वाटतं. मग बाकीचं आठवतं.

भिलाई सरांनी निवडली. "गावोगाव हिंडत बसायला नको," ते म्हणाले, "सगळा मुलूख एका माळावर येऊन बसलाय." खरंच होतं ते. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती आणि बाकीचं बांधकाम चालूच होतं. आंध्रातले, ओरिसातले, छत्तीसगडच्या खेड्यांतले, आमच्या विदर्भातले लोक टोपल्या आणि पोरं घेऊन आले होते. भाऊजी पाया खणायला म्हणून आले आणि रिगर झाले, म्हणजे लोखंडी तुळया साखळदंडांनी बांधून वर चढवणारे. ताई आणि ते आधी सुपेल्याजवळच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायचे. माझं काम सुरू झालं त्याच सुमाराला त्यांना कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, नळ, आणि मागे पपईचं एक झाड. माझी राहायची सोय तिथेच झाली. सर म्हणाले, "तुझी बहीण तिथे आहे, हे आपलं भाग्य."

पहिल्या दिवशी सुपेल्याच्या वस्तीत कोणी बोट पुढे करेना. कोणीतरी उठवलं होतं की ही बाई रगत काढून कारखान्यातल्या रशियनांना विकते. बाया पोरांना पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या. मी कागद वाचून दाखवावा तसं काहीतरी बोलत होते आणि ते कोणालाच कळत नव्हतं. तेव्हा ताई पुढे आली. नवीन लुगडं नेसली होती, कारण बहिणीचं काम पाहायला यायचं होतं.

"हे माही सख्खी बहीण हाय," ती म्हणाली. "डॉक्टर हाय. इले रगत विकाचं असतं त पयले मले विकलं असतं. घे वं, टोच."

तिने बोट पुढे केलं. मग भाऊजींना ओढून आणलं. मग कडेवरच्या पोरीचा अंगठा माझ्यासमोर धरला. पोरगी दीड वर्षाची होती, तिने भोकाड पसरलं, सगळे हसले आणि भीती गेली. त्यानंतर ताई रोज माझ्याबरोबर फिरायची. छत्तीसगडी बायांशी ती त्यांच्या बोलीत बोलायची, तेलुगू बायांशी हातवाऱ्यांनी. आमच्या नकाशाचा तो कोपरा माझ्या बहिणीने भरला. कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही.

क्वार्टरच्या खिडकीशी मी सूक्ष्मदर्शक मांडला होता. रक्ताच्या थेंबात एक औषध घालायचं, काचेने झाकायचं, थोडा वेळ थांबायचं आणि पाहायचं. ताईच्या थेंबात पेशी वाकल्या. भाऊजींच्याही वाकल्या. पोरीच्या तर पाहता पाहता वाकल्या, जवळजवळ सगळ्या. कोणाचा दोष अर्धा आणि कोणाचा पुरा, हे काचेवर पक्कं ठरत नसे. त्यासाठी बर्फाच्या थर्मासातून रक्त दुर्ग स्टेशनवरून नागपूरला न्यावं लागे. पंधरा दिवसांनी तिकडून तपासणीच्या कागदी पट्ट्या आल्या. ताई अर्धी. भाऊजी अर्धे. पोरगी पुरी.

पोरीचे हात अधूनमधून सुजायचे. तळवा पुरीसारखा टम्म फुगायचा, पाय टेकवेना, ती दिवस दिवस रडायची. ताई म्हणायची दात येऊन राहिले. शेजारीण म्हणायची वारं लागलं. एका डॉक्टरने संधिवात सांगितला होता. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे.

नागपूरला गेले तेव्हा सरांना विचारलं, "सर, माझ्या बहिणीला सांगू का?"

सर वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, मला बसायला सांगितलं. "सांगून काय करणार आहेस? औषध आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग? आणि एकीला सांगितलंस की वस्तीला कळणार. मुलींची लग्नं अडतील, सुनांना माहेरी धाडतील. उद्या कोण बोट पुढे करेल? आपलं काम गोळा करायचं आहे. नकाशा झाला की पुढचे लोक उपचार शोधतील. तुझ्या बहिणीची पोरं असतील, त्यांच्या पोरांना उपयोग होईल." मग म्हणाले, "तुझं नाव मी परदेशी शिष्यवृत्तीसाठी पाठवलंय. दोन वर्षांसाठी. आत्ता घोटाळा नको."

त्यांच्या बोलण्यात खोटं असं काही नव्हतं, म्हणूनच ते मला पटवून घेता आलं. मी ताईला सांगितलं नाही. पोरीला पाणी भरपूर पाज, थंडीत भिजू देऊ नको, ताप आला की लगेच डॉक्टरकडे ने, एवढं मात्र सांगत राहिले. का, ते ताईने विचारलं नाही. मी सांगितलं म्हणून ती करत राहिली. हिवाळ्यात पोरीला दोन स्वेटर घालायची, बाया हसायच्या. ताई म्हणायची, "माह्या बहिणीनं सांगितलं हाय."

पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही दोघी ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसलो होतो. दुपार होती. पोरगी तेव्हा बरी होती, पपईच्या झाडाखाली खेळत होती. ताई डाळीतून मान वर न करता म्हणाली, "एक इचारू का तुले?"

"विचार ना."

"सासूबाई माह्या मांगं लागल्या हायेत. दुसरं होऊ दे मनतेत. मले भेव लागते. ही पोट्टी अशी दुखणाइत. दुसरंही असंच झालं त? तू डॉक्टर हायेस. तूच सांग. होऊ देऊ का नाई?"

तिने आजवर मला विचारलेला हा पहिला मोठा प्रश्न होता. मला उत्तर माहीत होतं. चारात एक. चार पोरं झाली तर त्यांतलं एक पुरं आजारी निघण्याचा संभव, आणि तो प्रत्येक खेपेला नव्याने. म्हणजे चारांतली तीन धडधाकट, असंही म्हणता येतं. मी मनात तेच म्हटलं. सरांचा चष्मा काढलेला चेहरा आठवला. शिष्यवृत्तीचं पत्र यायचं होतं.

मी म्हणाले, "होऊ दे. प्रत्येक लेकरू वेगळं असतं."

"सुजणार नाई न त्याचे हात?"

"कशाला सुजतील?"

ताईने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानाशी बोटं मोडली. असं ती लहानपणी करायची. "तू बोलली का मले कसं हलकं वाटते," ती म्हणाली.

मुलगा झाला. मी बारशाला होते. त्याच्या टाचेला टोचून थेंब घेतला नाही, कारण मला पाहायचं नव्हतं. आठव्या महिन्यात त्याचे हात सुजले. ताईने मला पोस्टकार्ड टाकलं, मोठ्या चौथीतल्या अक्षरात: बाबूले बी तसंच होऊन राहिलं. तू येशीन तवा पाहाजो.

मी गेले ती सरांचे परदेशी स्नेही आले तेव्हाच. ते हिंदुस्थानात पाहणीला आले होते. उंच, नम्र, पायऱ्या चढताना धोतरवाल्या म्हाताऱ्यालाही वाट देणारे. त्यांना वस्ती दाखवायची होती, आणि सूज आलेली मुलं पाहायची होती. सरांनीच म्हटलं, "तिच्या बहिणीकडेच दोन आहेत. घरचंच आहे." मी नको म्हणाले नाही.

ताईने सकाळपासून घर सारवल्यासारखं पुसून काढलं होतं. शेजारून कपबशा आणल्या होत्या. चिवडा केला होता. पाहुण्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तेव्हा ती लाजून आत पळाली. मग त्यांनी मुलाला खाटेवर बसवलं, फार हळुवारपणे, आणि त्याचे सुजलेले दोन्ही हात पांढऱ्या कापडावर ठेवले. शेजारी मोजायची लाकडी पट्टी ठेवली. मी मुलाची मनगटं धरली, हलू नयेत म्हणून. मग पोरीचे हात, तिची बोटं आता आखूड-लांब झाली होती, तेही पट्टीशेजारी. कॅमेऱ्याचा आवाज झाला की मुलगा दचकायचा. पाहुणे सरांशी इंग्रजीत बोलत होते: दोघं भावंडं, आई-बाप दोघं अर्धे, नमुना अगदी उत्तम.

ताई दारात उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"फोटो कायले काढून राहिले?"

"अभ्यासासाठी, ताई. पुस्तकात छापायला."

"मंग यायले मालूम हाय, हे काय होय ते."

मी चिवड्याच्या बशा भरू लागले.

"ज्याचं काहीच मालूम नाई त्याचा कोनी फोटो काढते का? पट्टी ठेवून?" तिने माझ्याकडे पाहिलं. "अन् तुले? तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्या वर्षीपासून. तुझं, भाऊजींचं रक्त घेतलं होतं तेव्हापासून."

"मी डाळ निवडता निवडता इचारलं होतं. तवा?"

"तेव्हाही."

स्टोव्हवर चहा उकळत होता. मला वाटलं ती ओरडेल, मला मारेल. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पदराने भांडं उतरवलं, चहा गाळला, कप ताटात मांडले आणि ताट माझ्या हातात दिलं.

"जा, दे," ती म्हणाली. "पावने बसले हायेत."

मी चहा नेऊन दिला. पाहुण्यांनी चहाची तारीफ केली. ती मी तिला भाषांतर करून सांगितलीही.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी भाऊजींना आणि ताईला बसवून सगळं सांगितलं. इतकी वर्षं गिळलेलं एका दमात ओकून टाकलं म्हणा. काय खबरदारी घ्यायची, कशाला भ्यायचं, हे नीट सांगण्याइतकी मी शांत नव्हते. भाऊजी आधी हसले. मग म्हणाले, "माह्या रगतात काही नाई. मी साठ फुटावर चढून तुळई बांधतो." मी म्हणाले, दोष दोघांकडून आहे. ते उठून बाहेर गेले. नातवंडांसाठी राहायला आलेल्या ताईच्या सासूबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलेल्यातलं अर्धंच ठेवलं होतं. तेव्हापासून त्या घरात ताईच्या रगतातली खोट बोलली जाऊ लागली. भाऊजींच्या रक्ताचा विषय कोणी काढला नाही. सरांनी म्हटलं होतं तसंच झालं. माझ्या गप्प बसण्याने जे व्हायचं ते झालं होतं, आणि माझ्या बोलण्याने हे झालं.

मी नागपूरला परतले. शिष्यवृत्तीचं पत्र आलं होतं. तुम्हाला वाटेल मी ते फाडलं. मी पासपोर्टसाठी फोटो काढले. गरम कोट शिवायला टाकला. स्वतःला सांगत राहिले की तिकडे शिकून येईन आणि मग ताईच्या पोरांसाठी काही करीन. एका परदेशी लेखात मी वाचलं होतं की अशा लहान मुलांच्या पोटात डावीकडे, प्लीहेत, अचानक रक्त साठतं. मूल पांढरं पडतं आणि तासाभरात जाऊ शकतं. आईने रोज पोट चाचपून पाहावं, फुगलं तर धावत सुटावं. हे ताईला कळवायचं होतं. पत्र लिहायला दोनदा बसले. सुरुवात काय करावी ते सुचेना. "प्रिय ताई" लिहून थांबायचे. मग आवराआवर असायची.

मुलगा गेला त्याची बातमी भाऊजींच्या मित्राने कळवली. सकाळी खेळत होता. अकराच्या सुमाराला मलूल झाला. ताईने त्याला मांडीवर घेतलं तर ओठ पांढरे आणि पोट डावीकडे टणक. तिला वाटलं अपचन झालं, तिने ओवा चावून त्याच्या पोटाला लावला. भाऊजी कामावरून येईपर्यंत उशीर झाला होता. सायकलवरून नेताना वाटेतच गेला.

मी भिलाईला गेले. ताईने मला घरात घेतलं, पाणी दिलं. मी तिला त्या न लिहिलेल्या पत्राबद्दल सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

एवढं झाल्यावरही मी लगेच काही सोडलं नाही. प्रयोगशाळेत जात होते, जाण्याची तारीख पुढे ढकलून घेतली होती एवढंच. मग एका दुपारी टपालाने छापील लेखाच्या प्रती आल्या. गुळगुळीत कागद. माझं नाव तिसरं होतं. तिसऱ्या पानावर पोरीच्या हातांचा फोटो होता. चौथ्या पानावर दुसरा: पांढरं कापड, लाकडी पट्टी, आणि तिच्याशेजारी ताईच्या मुलाचे दोन हात. मनगटांवर दुसऱ्या कोणाचीतरी बोटं होती, कडेला कापलेली. ती माझी होती. खाली लिहिलं होतं: मुलगा, आठ महिने. पुढे काही नाही. त्या कागदावर तो अजून आठ महिन्यांचाच होता आणि त्याचं काही झालेलं नव्हतं.

मी ती प्रत घेऊन सरांकडे गेले.

"सर, हा गेला."

"अरे रे," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. "आधी कळलं असतं तर तळटीप टाकता आली असती."

मी म्हणाले, मला आता नकाशाचं काम नको. ही मुलं जन्मल्यापासून पाहायची आहेत. कोणती जगतात, कोणती जातात, आईला काय शिकवलं तर उपयोग होतो, हे शोधायचं आहे. आणि ज्याचं रक्त घेऊ त्याला निकाल सांगायचा.

सरांनी माझ्या हातातली प्रत घेऊन टेबलावर ठेवली. "हे संशोधन नाही," ते म्हणाले. "हा दवाखाना झाला. त्यासाठी तू कशाला हवीस? परिचारिकाही करेल."

"मग परिचारिकेचं काम करीन."

"शोकात माणसाने निर्णय घेऊ नयेत. जाऊन ये, दोन वर्षांनी बोलू."

मी गेले नाही. माझ्या जागी एक कनिष्ठ सहकारी गेला. तो हुशार होता, पुढे खूप मोठा झाला, त्याला जगभरच्या सभांना बोलावतात. त्याच्याविषयी मला मत्सर वाटला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो माझा गरम कोटसुद्धा विकत घ्यायला तयार होता. शिवून तयार झाला होता तो. मी दिला नाही. कितीतरी वर्षं पेटीत ठेवला आणि कसरीने खाल्ला.

सुपेल्याच्या चौकाजवळ, सायकल दुरुस्तीच्या दोन दुकानांमध्ये, मी एक खोली घेतली. रोग्यांचा मला अजूनही कंटाळाच होता. पहिले काही महिने मी लोकांवर वसावसा ओरडायचे. ज्या नातेवाइकांच्या प्रश्नांपासून मी काचेखाली लपले होते ते आता रांगेत माझ्या दारात उभे होते, आणि प्रत्येकजण तोच प्रश्न चार वेळा विचारत होता. मी उत्तर चार वेळा द्यायला शिकले. त्याला वर्षं लागली. सेवाबिवा काही नव्हती ती.

निकाल सांगायचा, हे मी ठरवलं होतं. कसा सांगायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याच भागातली एक मुलगी होती, अर्धी, तब्येतीने ठणठणीत. मी तिच्या आईला सांगितलं, तिच्या सोयरिकीआधी, मुलाचंही रक्त पाहून घ्या म्हणून. आईने विश्वासाने मुलाकडच्यांना विचारलं. त्यांनी मुलाचं रक्त दिलं नाही, सोयरीक मोडली, आणि गावभर सांगितलं की पोरीला रक्तपिती, म्हणजे महारोग, आहे. ती बाई माझ्या दवाखान्यात भर गर्दीत आली आणि म्हणाली, "डॉक्टरीनबाई, तुमचं ज्ञान तुमच्याजवळच राहू द्याचं होतं." मी एका बाईला सांगितलं नव्हतं आणि दुसरीला सांगितलं होतं. दोघींची घरं मोडली. त्यानंतर मी निकाल आधी एकांतात, दोन्ही बाजूंना मिळून, दोन-तीन भेटींत सांगू लागले. त्यानेही सगळं नीट होत नसे. थोडं कमी बिघडत असे.

काही मुलं जगली. आया पोट चाचपायला शिकल्या. ते श्रेय त्यांचं.

पुढे सरांचं एक पत्र आलं. बाहेरच्या मंडळींना आता या मुलांचं पुढे काय होतं यात रस उत्पन्न झाला होता. माझ्याकडे जन्मापासूनच्या नोंदी आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. त्या मिळाल्या तर लेखात माझं नाव पहिलं टाकता येईल. ज्याला त्यांनी दवाखाना म्हटलं होतं ते आता संशोधन झालं होतं. मी उत्तर लिहिलं की या, प्रत्येक घरी बसा, आईला विचारा, तिने हो म्हटलं तर न्या. कोणी आलं नाही. एवढ्या घरी चहा प्यायला वेळ कोणाला असतो?

राहिली ताई.

दवाखाना सुरू झाल्यावर मला वाटलं होतं की ती पोरीला माझ्याकडे आणेल. तिने आणलं नाही. पोरीला कळा यायच्या तेव्हा ती रिक्षात बसवून तिला दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायची. रस्ता माझ्या दारावरूनच होता. ती मान फिरवून घ्यायची असं नाही. माझ्याकडे पाहायची, ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं, आणि रिक्षा पुढे जायची. सणाला डबा पाठवायची. लग्नाकार्यात माझ्याशेजारी बसायची. आजाराबद्दल मात्र तिने मला पुन्हा कधी एक अक्षर विचारलं नाही. साधा ताप असला तरी नाही.

एकदा मी तिच्याकडे गेले आणि माफी मागितली. पोरगी शाळेत गेली होती. ताई तांदूळ पाखडत होती.

"माफी कायची?" ती म्हणाली. "तुले तुह्या कामाचं पाहाचं होतं. मोठं काम होतं. तुह्या सरायनं मना केलं होतं. मले समजते."

"मग?"

"मंग काही नाई." ती पाखडत राहिली. "मी डॉक्टरले इचारलं असतं त डॉक्टरनं नाई सांगितलं, एवढंच मनलं असतं. मी त तुले बहीण समजून इचारलं होतं."

थोड्या वेळाने ती उठली, तांदूळ धुवायला टाकले आणि विचारलं, जेवून जाशील का. मी हो म्हणाले. जेवले. भाजीत मीठ जास्त झालं होतं, ते मी बोलले नाही.

भाची किती वर्षं जगली आणि कशी, ते मी इथे लिहिणार नाही. तिच्या हातांचा एक फोटो आधीच छापलेला आहे.